भंडारदऱ्याला गेलो, रतनगड चढलो नाही

पायवाट

माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही आश्रमशाळेत शिक्षक. बदल्या होत होत सध्या राजूर-शेंडी पट्ट्यातल्या एका गावात भाड्याच्या घरात राहतात. गावाचं नाव देत नाही, नाहीतर इथले चार जण पुढच्या शनिवारी तिच्या दारात उभे राहतील. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही गेलो होतो. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. बेत कसा आखायचा ते सासूबाईंच्या गुडघ्यांनी ठरवलं. गड नाही, दरी नाही, 'पाचच मिनिटं चालायचंय हो' असली कुणाची थाप नाही.

पुण्याहून नाशिक रस्त्याने संगमनेर, तिथून डावीकडे अकोले, मग राजूर. संगमनेरपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि टोमॅटो. अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचं देऊळ आहे, सासूबाईंनी तिथे दर्शन घेतलं. अकोलं सोडलं की हवा बदलायला लागते. राजूरच्या पुढे तर रस्त्याच्या कडेने नुसती पिवळी सोनकी, मध्ये खुरासणीची शेतं (तीही पिवळी) आणि भाताची खाचरं. आपण नगर जिल्ह्यात आहोत (आता अहिल्यानगर, जिभेला सवय व्हायची आहे) यावर विश्वास बसत नाही. याच जिल्ह्याच्या पूर्वेला टँकर फिरतात आणि इकडे घाटघरला इतका पाऊस पडतो की त्याला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात.

निघायच्या आधी मैत्रिणीला विचारलं होतं, काय आणू? तिने मिठाई-बिठाई काही सांगितली नाही. कोथिंबिरीच्या दोन जुड्या, लिंबं, पाव, बटण सेल आणि गॅसचा लायटर. पावसाळ्यात तिकडे हिरवी कोथिंबीर मिळणं कठीण असतं. भाकरवडी मी माझ्या मनाने नेली, ती पहिल्या संध्याकाळीच संपली.

घर साधंच. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि चुलीची जागा. गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. वरती बांबूवर ओले कपडे टांगलेले. सप्टेंबर संपत आला तरी तिकडे कपडे उन्हात वाळत नाहीत, चुलीवर धुरवावे लागतात. परत आल्यावर माझ्या सगळ्या कुडत्यांना तो धुराचा वास होता. मला आवडला, नवऱ्याने गुपचूप सगळं मशीनमध्ये टाकलं.

शनिवारी दुपारी आम्ही काय केलं? पडवीत बसलो. खरंच. समोर खाचर, त्यापलीकडे ओढा, त्यापलीकडे ढग. दर दहा मिनिटांनी ढग खाली यायचा आणि समोरचं सगळं पुसून टाकायचा. लेकीला आधी कंटाळा आला, मग शेजारची दोन पोरं आली आणि ती जी गायब झाली ती अंधार पडल्यावरच चिखलाने माखून परतली. खेकडे कसे धरायचे ते शिकली म्हणे.

दारात एक गाय पावसात उभी होती. पांढरी, अंगावर काळे ठिपके. लेक म्हणाली, बाबा, ती भिजतेय, तिला आत घ्या. भाऊजी हसायला लागले. ही डांगी जात आहे. तिच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, पाणी अंगावरून निथळून जातं. मी हात लावून पाहिला, खरंच बोटांना ओशट लागलं. एवढ्या पावसाच्या मुलखात शेकडो वर्षं राहून जनावराने केलेली सोय आहे ती.

रात्री नागलीची (म्हणजे नाचणीची) भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि खुरासणीची चटणी. मैत्रिणीकडे मदतीला येणाऱ्या मावशींनी मला भाकरी शिकवली. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो. पाणी उकळून त्यात पीठ वैरायचं, झाकून ठेवायचं आणि उकड हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायची. माझ्या भाकरीच्या कडा नकाशासारख्या निघाल्या. मावशी म्हणाल्या, "राहू द्या बाई, पोटात गेल्यावर गोलच होती." शेंगोळी सासूबाईंनी केली. त्यांचं माहेर जुन्नरकडचं. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं कुटून घालायचं, तळहातावर वळी वळायची, टोकं जुळवायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची. कुणाच्याही घरी पाहुणी म्हणून गेल्यावर स्वयंपाकघरात शिरून ताबा घेणाऱ्या बायकांपैकी त्या आहेत. एरवी मला लाज वाटते, त्या दिवशी मैत्रिणीच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

रविवारी सकाळी गाडीने रतनवाडीपर्यंत गेलो. अमृतेश्वराचं देऊळ अगदी रस्त्यालगत आहे, गुडघ्यांचा प्रश्नच नाही. शिलाहारांच्या काळातलं काळ्या दगडातलं काम, पावसाने ओलं होऊन आणखी काळं झालेलं, सांध्यासांध्यांतून शेवाळ. शेजारी पुष्करणी, तिच्या भिंतींत देवकोष्ठं. मागे रतनगड ढगात. एकदा ढग हलला आणि वरचं नेढं दिसलं, आरपार भोक. सासूबाई म्हणाल्या, "बघितला की गड, झालं." जेवायला घरी परत, दुपारी झोप, चार वाजता चहा घेऊन पुण्याकडे.

सांदण दरी नाही, कळसूबाई नाही, रंधा धबधबा जाताना रस्त्यावरून. आणि तरी अनेक वर्षांत इतकी निवांत झालेले नव्हते. इथे दर आठवड्याला 'दोन दिवसांत अकरा ठिकाणं' छापाचे धागे निघतात म्हणून मुद्दाम लिहिलं. तुमच्यापैकी कोण कोण असं नुसतं कुणाकडे जाऊन राहतं?

---

निवांतराव

वा! वरच्या बांबूवर धुरवलेले कपडे वाचून आजोळ आठवलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

टोणगा

फोटो नसल्याने धागा फाउल समजण्यात येत आहे.

बाकी, दीडशेच्या वर किलोमीटर गाडी हाणून रतनवाडीपर्यंत जायचं आणि गड खालून बघून परत यायचं? मुंग्या येतात हो अंगाला. निदान तुम्ही आणि साहेबांनी पहाटे उठून जाऊन यायचं, आज्जींना देवळात बसवायचं. पडवी पुण्यातही भाड्याने मिळते.

---

पायवाट

@टोणगा, पुण्यात पडवी भाड्याने मिळते, समोरचा ढग मिळत नाही. आणि नवरा चढतो हो गड, त्यालाच जायचं नव्हतं. फोटो चढत नाहीयेत, आकार मोठा म्हणतंय. नवऱ्याला सांगितलंय.

---

सई_ताई

टोणगोबा, सप्टेंबरमध्ये रतनगडाच्या शिड्या ओल्या असतात, लेकरू घेऊन कशाला तडफड? मला तर हा प्रकार फार आवडला. आम्ही माथेरानला दर वर्षी जातो आणि दर वर्षी त्याच त्या पॉइंटांवर तेच ते मक्याचं कणीस खातो. घोड्यावाल्यांशी घासाघीस करून दमून घरी येतो आणि सोमवारी सुट्टीची सुट्टी हवी वाटते.

तो खुरासणीच्या चटणीचा प्रकार सविस्तर लिही ना. कारळे म्हणतात तेच ना ते?

---

पायवाट

हो ताई, कारळे किंवा खुरासणी, एकच. मंद आचेवर भाजायच्या, तडतडायला लागल्या की उतरवायच्या. जास्त भाजल्या तर कडू होतात. लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटायचं. मिक्सरला लावली तर तेल सुटून गोळा होतो, खलबत्ताच बरा. तिकडे तिचं तेलही काढतात आणि भाजीला वापरतात. चव थोडी उग्र, पण दुसऱ्या दिवशी सवय होते.

---

अकोलेकर

धागा वाचून बरं वाटलं. मी राजूरचाच, सध्या नोकरीनिमित्त नाशिकला. दोन-तीन गोष्टी भर म्हणून.

१) रंधा रस्त्यावरून बघितला म्हणता, पण एकदा उतरून बघा. आता कठडे केलेत. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे, आमच्याकडे त्या देवीचं महत्त्व धबधब्यापेक्षा जास्त.

२) 'अम्ब्रेला फॉल' बघायला लोक पावसाळ्यात कधीही येतात आणि कोरडा खडक बघून शिव्या घालत जातात. तो नैसर्गिक धबधबा नाही. धरणाच्या ठरावीक मोरीतून पाणी सोडलं तरच ते खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. निघायच्या आधी शेंडीत कुणालातरी फोन करून विचारावं.

३) धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं, दगड आणि चुन्यात. गव्हर्नर विल्सनच्या नावाने विल्सन डॅम. आमच्याकडे जलाशयाला राघोजी भांगरेंचं नाव आहे. राघोजी इथलेच, देवगावचे. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध महादेव कोळ्यांना उभं करणारा माणूस, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. आर्थर लेक (जलाशयाचं इंग्रजी नाव), विल्सन डॅम वाचून जाणाऱ्यांनी हे नावही लक्षात ठेवावं एवढीच विनंती.

डांगी जनावरांचं म्हणाल तर राजूरला दर वर्षी हिवाळ्यात डांगी आणि संकरित जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. बैलांची शिंगं रंगवून, झुली घालून आणतात. लेकीला तेव्हा आणा. आणि राजूरहून पेढे न घेता गेलात हे काही बरोबर नाही.

---

पायवाट

@अकोलेकर, पेढे घेतले होते हो, इथे लिहिले नाहीत कारण संगमनेर यायच्या आत संपले.

---

कट्ट्यावरचा

अकोलेकर साहेब, माहितीबद्दल धन्यवाद. शेतकऱ्याच्या नजरेने एक भर घालतो, मी राहुरीकडचा. तुम्हा लोकांना ते धरण म्हणजे ढग आणि धबधबे. आम्हाला ते ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी. शेंडीत पाऊस किती पडला हे आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज विचारतात, पडतो तिकडे आणि जीव लागतो इकडे. भंडारदरा भरलं की खाली निळवंडे, मग ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे. वरच्या गावांना पाऊस एवढा आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, ही पण गोष्ट तुमच्या मैत्रिणीला विचारा.

---

पायवाट

विचारलं नाही, तिने आपणहून सांगितलं. एप्रिल-मेमध्ये शाळेच्या विहिरीचं पाणी तळाला जातं. धरण दिसतं डोळ्यांसमोर, हंडा घेऊन मात्र चालायचं. तिकडची जमीन कातळाची, पाणी मुरतच नाही, सगळं वाहून प्रवरेत. म्हणून तर मी तिच्याकडे मेमध्ये न जाता सप्टेंबरात गेले. पाणी ओढून आणायच्या दिवसांत चार पाहुणे म्हणजे तिला शिक्षाच.

---

वाडीवरची_वहिनी

या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

आमचं घर पाचगणीजवळ आहे. हौस म्हणून नाही, नवऱ्याची नोकरी तिथल्या शाळेत. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्या वर्षापासून शनिवार-रविवार म्हणजे पाहुणे. आधी फार आवडायचं. मग लक्षात आलं की लोक आमच्याकडे येत नाहीत, पाचगणीला येतात, आमच्याकडे फक्त झोपतात. रात्री अकराला टपकणार, "आम्ही बाहेर खाऊन आलोय, तू त्रास घेऊ नकोस" म्हणणार आणि साडेअकराला "थोडा वरण-भात असेल तर" म्हणणार. सकाळी पाच बादल्या गरम पाणी. मग टेबललँड, मग स्ट्रॉबेरी, मग महाबळेश्वर. दोन दिवसांत माझ्याशी बोललेली वाक्यं मोजली तर दहा भरणार नाहीत, त्यातली चार वायफायच्या पासवर्डची. एकदा नवऱ्याच्या मित्राचा साडू त्याच्या बॉससकट आला होता. साडू ठीक, बॉस?

पायवाट ताई, तुम्ही जे केलंत (विचारून सामान नेलंत, सासूबाई चुलीपाशी बसल्या, दुपारी झोपलात) ते यजमानाला किती बरं वाटत असेल सांगू. तुमच्या मैत्रिणीने नंतर फोन करून "परत या" म्हटलं असेल तर ते मनापासून आहे.

---

टोणगा

वहिनी, बॉस फुटलो.

---

निवांतराव

वहिनींशी शंभर टक्के सहमत. आमच्या वडिलांची पद्धत होती, कुणाकडे राहायला गेलं की पहिल्या दिवशी भाजी आपण आणायची. मंडईत जाऊन पिशवी भरून आणायची, मग यजमान कितीही नको म्हणो. पैसे देऊ केले तर अपमान वाटतो, भाजीला कुणी नाही म्हणत नाही. आणि दुसऱ्या रात्रीच्या जेवणाआधी निघायचं. तिसरं जेवण जड होतं म्हणायचे.

---

हिंजवडी_एक्झिट

मी थोडा उलट बोलतो. मित्राला त्रास नको म्हणून मी मित्राच्या गावाजवळ होमस्टे घेतो, जेवायला आणि गप्पांना त्याच्याकडे. सगळ्यांची सोय. यात काय वाईट? पायवाट यांच्या मैत्रिणीकडे दोन खोल्या आणि चार पाहुणे म्हणजे रात्री ती कुठे झोपली?

---

पायवाट

पडवीत, आम्ही दोघी. भाऊजी, नवरा आणि लेक पुढच्या खोलीत, सासूबाईंना खाट. आम्हाला पडवीतच झोपायचं होतं, बोलायचं होतं. तिच्या बदलीचं, माझ्या नोकरीचं, दोघींच्या आयांच्या आजारपणाचं. होमस्टेला मी नाही म्हणत नाही, पण रात्री दीड वाजता पाऊस पत्र्यावर बदाबदा पडत असताना जे बोलणं होतं ते 'चला, उद्या भेटू' म्हणून उठून गेल्यावर होत नाही.

---

हिंजवडी_एक्झिट

मान्य.

---

कोकणकडा_७

चर्चा छान चाललीय पण मूळ प्रश्न राहिला. मला डिसेंबरमध्ये दोन रात्री मित्रांबरोबर जायचंय (मित्रांकडे नव्हे). घाटघरचा कोकणकडा, सांदण आणि रतनगड बसतील का?

---

अकोलेकर

बसतात, पण सगळं पळत होईल. साम्रदला मुक्काम करा. सांदण तिथून चालत जवळच, पावसाळा सोडून जायची, पावसात ती पाण्याची नळी होते. डिसेंबरात आत थोडं पाणी कमरेपर्यंत असू शकतं, बूट त्यानुसार. घाटघर साम्रदच्या अलीकडेच. वरच्या धरणातून पाणी खाली चोंढ्याला सोडून वीज करतात आणि रात्री तेच पाणी परत वर चढवतात, २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. कड्यावरून खाली बघताना खालचं धरण दिसतं. वाटाड्या गावातलाच घ्या. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे स्पीकर वगैरे घेऊन येऊ नका.

---

टोणगा

डिसेंबरच्या त्या रतनगडाला मी पण. पुण्याहून गाडीत एक जागा ठेवा.

---

मीनल_म

मला काजव्यांसाठी जायचंय खूप दिवसांपासून. पायवाट, तुझी मैत्रीण तिकडे आहे तर कधी यावं विचारून सांगशील?

---

पायवाट

विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: "मे अखेर ते पाऊस लागेपर्यंत. पण शनिवार-रविवारी नको गं बाई. आमच्या रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, हेडलाइट लावून काजवे शोधतात."

---

अकोलेकर

बाईंनी नेमकं सांगितलं. मीनल ताई, काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात. नर चमकत उडतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. त्यात तुम्ही मोबाइलची बॅटरी मारली की त्यांचं सगळं बिनसतं. आयुष्याचे शेवटचे थोडे दिवस ते प्रौढ असतात, तेवढ्यात जोडी जमवायची असते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर पूर्ण झाड एका लयीत लुकलुकतं. वनखात्याने गर्दीमुळे हल्ली रात्रीच्या गाड्यांवर वेळेचं बंधन घालायला सुरुवात केलीय, त्या वर्षीचा नियम बघून या. मधल्या वारी या, गाडी गावात ठेवा, अंधारात दहा मिनिटं गप्प उभं राहा. डोळे सरावले की दिसतं.

---

जमीनदार_व्हायचंय

विषयाला सोडून आहे, पण वाचून इतकं छान वाटलं की विचारतो. शेंडी-रतनवाडी भागात वीकेंड होमसाठी गुंठ्याचा भाव काय चाललाय?

---

कट्ट्यावरचा

आलाच का हा प्रतिसाद. वाटच बघत होतो.

---

अकोलेकर

@जमीनदार_व्हायचंय, भाव विचारण्याआधी कायदा बघा. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. कुणी एजंट 'नोटरी करून देतो, नव्व्याण्णव वर्षांचा करार करतो' म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. असे व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाला परत गेल्याची उदाहरणं आहेत.

आणि खरं सांगू? नकोच. धरणात गावं गेली, धरणाच्या काठी राहिलेल्यांकडे ही खाचरं तेवढी उरलीत.

---

जमीनदार_व्हायचंय

माहीत नव्हतं. धन्यवाद, विषय संपला.

---

सई_ताई

त्यापेक्षा तिकडे एक मैत्रीण करा, स्वस्त पडेल :)

---

पायवाट

सई ताई :))

माझ्या मैत्रिणीची एक गोष्ट राहिली ती लिहिते, कारण इथे आश्रमशाळा म्हणजे काय असं खरडवहीत कुणीतरी विचारलं होतं. आदिवासी विकास विभागाच्या निवासी शाळा. या भागातल्या राजूर प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. मुलं तिथेच राहतात. रविवारी दुपारी आम्ही परतताना शाळेवरून गेलो तर फाटकाशी आईबाप भेटायला आलेले. एक आई पोराला भिंतीच्या आडोशाला बसवून डब्यातून काहीतरी भरवत होती. पोरगं सहावी-सातवीचं, लाजत होतं, इकडे तिकडे बघत होतं, पण तोंड उघडत होतं. मैत्रीण म्हणाली, मक्याच्या कणसाचं काहीतरी असेल, नवीन मका निघाला की घरून येतंच. मग तिने गाडी थांबवायला लावली आणि त्या बाईंशी दहा मिनिटं बोलत उभी राहिली. पोराचं गणित कच्चं आहे, त्याचा हिवताप बरा झाला का, धाकटीला पुढच्या वर्षी इथेच घालायचं का. सासूबाई गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "हिला पगार कमीच देतात."

---

वाडीवरची_वहिनी

तुमच्या सासूबाईंना आमच्याकडे पाठवा. बॉस आणला तरी चालेल.

---

शहाणे_करून_सोडावे

कुणी राहीबाई पोपेऱ्यांचा उल्लेख केला नाही अजून? कोंभाळण्याच्या, याच अकोले तालुक्यातल्या. देशी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेली बाई. वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी वाण जपलेत. बीजमाता म्हणतात त्यांना. या भागात जाणाऱ्यांनी खाण्याचा विचार त्या अंगानेही करावा. हॉटेलात पनीर मागवण्याऐवजी घरगुती जेवण सांगा, वरईचा भात मागा. आपल्याकडे वरई म्हणजे उपास, तिकडे ते रोजचं अन्न आहे.

---

निवांतराव

बरोबर. आणि काळभात! इंद्रायणीपेक्षा बारीक, शिजताना घरभर वास. बालपणी मामाकडे सणालाच व्हायचा. पुण्यात कुठे मिळतो का? दोन ठिकाणी 'काळभात' म्हणून घेतला, दोन्ही वेळा नुसताच तांदूळ निघाला.

---

अकोलेकर

दुकानात नावावर जाऊ नका. पीक कमी निघतं म्हणून लावणारे थोडे, त्यामुळे दुकानापर्यंत फारसा पोचत नाही. साळीचं फोल काळपट असतं, आतला दाणा पांढरा आणि बारीक. सडलेला घेत असाल तर मूठभर दाणे तळहातावर चोळून वास घ्या, न शिजवताही येतो. वास आला नाही तर ठेवून द्या. कापणी, झोडणी, सडणी होऊन नवा तांदूळ हातात यायला दिवाळी उलटते. नोव्हेंबरअखेर मला व्यनि (खासगी निरोप) करा, आमच्या भाऊबंदांत कुणी लावलाय का विचारतो. पाच किलोच्या वर मागू नका, घरच्यांनाही खायला लागतो.

---

पायवाट

@अकोलेकर, मलाही दोन किलो. आणि फोटो अखेर चढले, पहिल्या प्रतिसादाखाली बघा. टोणगा, तिसऱ्या फोटोत वरच्या कोपऱ्यात नेढं आहे.